पीव्हीसीचा हिरवा चिकटा काढला तर नाणं विकताना सांगायचं का?

रुपेरी_काठ

नमस्कार मंडळी. मामांनी त्यांचा नाण्यांचा सगळा संग्रह माझ्याकडे दिलाय, ठेवायची ती ठेव आणि बाकीची चांगल्या माणसाच्या हाती जाऊ दे म्हणाले. बहुतेक नाणी मऊ प्लास्टिकच्या कप्प्यांच्या अल्बममध्ये होती आणि आता चांदीच्या बऱ्याच नाण्यांवर हिरवट चिकट थर चढलाय, काहींवर नुसते कडेकडेने ठिपके आहेत, बोट लावलं तर तेलकट लागतं. शोधल्यावर कळलं की हे पीव्हीसीचं काम, प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे घालतात ते झिरपून बाहेर येतं आणि प्लास्टिक खराब होताना जे आम्ल सुटतं ते धातूला खातं, आणि शुद्ध अ‍ॅसिटोनने हा चिकटा काढता येतो. इथपर्यंत ठीक.

माझी अडचण पुढची आहे. यातली काही नाणी विकायचीत. अ‍ॅसिटोनमधून काढलेलं नाणं विकताना सांगायचं का की हे साफ केलंय? सांगितलं तर घेणारा दचकतो, कारण जिथे बघावं तिथे एकच वाक्य, नाणं कधीच साफ करू नका. नाही सांगितलं तर लपवल्यासारखं वाटतं. दुसरं, एक मोठं चांदीचं नाणं आहे एकोणिसाव्या शतकातलं, झीज जवळजवळ नाही पण पूर्ण काळवंडलंय. ओळखीतले एक जण म्हणाले डिपमध्ये, म्हणजे चांदी उजळवायच्या द्रावणात, दोन सेकंद बुडव, टाकसाळीतून आत्ता आल्यासारखं होईल, सगळेच करतात. तिसरं तांब्याचं आहे, त्यावर फिकट हिरव्या पुडीसारखे ठिपके आहेत आणि मागे बघितले होते त्यापेक्षा वाढलेले वाटतात.

कुठलं रसायन वापरायचं ते शोधलं की सापडतं. कुठपर्यंत हात लावणं योग्य आणि पुढच्या माणसाला मी काय सांगणं लागतो, ते मला कळत नाहीये. मामांनी आयुष्यभर जपलेली नाणी आहेत, त्यांच्या नावावर कोणाला फसवल्याचा डाग नकोय.

भिंगातून

पीव्हीसी काढणं हे माझ्या मते कर्तव्यच आहे, त्यात नैतिक अडचण काही नाही. तो चिकटा नाण्याचा नाही, बाहेरून आलाय, आणि राहू दिला तर खालचा धातू खात राहणार. अ‍ॅसिटोन चांदीला किंवा सोन्याला काही करत नाही, फक्त प्लास्टिकचा चिकटा, गोंद, बोटांचं तेल असलं विरघळवतं. चोळायचं मात्र अजिबात नाही, मऊ कापसानेसुद्धा नाही. काचेच्या भांड्यात नाणं बुडवून ठेवा, अ‍ॅसिटोन बदलून परत ठेवा, मग कडेने उचलून तसंच वाळू द्या. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात रंग, वास, तेल काय काय घातलेलं असतं. खिडक्या उघड्या ठेवा आणि आसपास ज्योत नको, वाफ झटकन पेट घेते. हिरवा थर गेल्यावर खाली खड्डे किंवा मंद डाग दिसले तर ते झालेलं नुकसान आहे, ते भरून येत नाही, तेवढं फोटोत दाखवून विका. बाकी अ‍ॅसिटोनबद्दल वेगळं सांगायची गरज मला तरी वाटत नाही. आणि त्या अल्बममध्ये परत ठेवू नका हे सांगायला नकोच, मायलर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं घ्या.

काळ्या नाण्याला मात्र कृपा करून बुडवू नका. नाणं छापताना ठशाच्या दाबाने धातू मधून कडेकडे वाहतो आणि पृष्ठभागावर इतक्या बारीक रेषा उमटतात की नुसत्या डोळ्याला सुट्या दिसतच नाहीत. एकाच दिव्याखाली न झिजलेलं नाणं तिरकं धरून हळूहळू फिरवा, प्रकाशाचे पट्टे मध्यबिंदूभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. मूळ झळाळी म्हणतात ती हीच, या रेषांची. आता चांदी काळी पडते म्हणजे काय होतं, हवेतल्या गंधकाशी तिचं सिल्व्हर सल्फाइड होतं. म्हणजे त्या काळ्या थरात नाण्याचीच चांदी आहे, वरून बसलेली धूळ नाही. डिप म्हणजे साधारण थायोयुरिया आणि आम्ल, ते हा थर विरघळवतं, त्याबरोबर त्या रेषांचे माथेही गेले. थर पातळ असेल तर फरक जाणवत नाही, म्हणून लोक म्हणतात काही होत नाही. थर कोवळा असताना सोनेरी दिसतो, वाढला की तांबूस जांभळा, मग निळा, आणि खूप जाड झाला की काळा. तुमचं पूर्ण काळं झालंय म्हणजे शेवटच्या टप्प्यावर आलंय, बुडवल्यावर पांढरं होईल पण निर्जीव निघेल, आरे फिरणार नाहीत, आणि ज्याला बघता येतं त्याला एका नजरेत कळेल.

आणि तसं पांढरं केलेलं नाणं न सांगता विकणं म्हणजे फसवणूक, मला यात दुसरं मत दिसत नाही.

देवघेव

भिंगातून यांनी रसायन बरोबर सांगितलंय पण बाजाराचं चित्र जरा वेगळं आहे आणि मी नाणी घेतो विकतो म्हणून ते मांडतो, राग मानू नका.

शंभर दीडशे वर्षांचं चांदीचं नाणं पांढरंशुभ्र दिसलं तर ते कधी ना कधी डिपमधून गेलंय असं मी धरूनच चालतो, अपवाद आहेत पण थोडे. कधी, कोणी, किती वेळा, कोणालाच माहीत नाही. आता ग्रेडिंगचं, म्हणजे नाण्याच्या दर्जाला आकडा देण्याचं बघा. शेल्डन यांनी १९४९ साली १ ते ७० ची पट्टी काढली ती अमेरिकेतल्या जुन्या सेंटसाठी, पुढे नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपन्या आल्या, पीसीजीएस १९८६ ला आणि एनजीसी १९८७ ला सुरू झाली आणि त्याच पट्टीवर नाणी बंद डबीत जायला लागली. नियम काय, तर साफ केलेलं वाटलं की आकडा नाही, फक्त डिटेल्स असं लिहून येतं. पण हलक्या हाताने बुडवून नीट धुतलेलं नाणं त्याच डबीत आकडा घेऊन बसतं. आणि याच क्षेत्रातल्या कंपन्यांकडे पैसे घेऊन नाणी सुधारून द्यायची सेवाही आहे, पीव्हीसी काढतात, डाग काढतात, आणि नंतर नाणं ग्रेडिंगला जातं. डबीवरच्या चिठ्ठीवर त्याचा उल्लेख नसतो. म्हणजे बाजाराने प्रत्यक्षात जो नियम मानलाय तो एवढाच, की केलेलं दिसता कामा नये. मला हा नियम आवडतो असं नाही, पण तो आहे.

मग ज्याला मामांकडून अल्बम मिळालाय त्याने एकट्याने प्रत्येक पाकिटावर लिहून ठेवायचं आणि बाकी सगळ्यांनी गप्प बसायचं, हे मला न्यायाचं वाटत नाही. माझा स्वतःचा शिरस्ता असा, घेणाऱ्याने विचारलं तर जे माहीत आहे ते सगळं सांगायचं, एक अक्षर लपवायचं नाही, आणि ब्रशने घासलेलं, पॉलिश केलेलं, रंग चढवलेलं असेल तर न विचारताही सांगायचं. त्यापलीकडे घेणाऱ्याच्याही हातात भिंग असतं.

किटण_निरीक्षक

मी धातूच्या वस्तूंच्या जतनाचं काम करते. आधी तांब्याचं नाणं बाजूला काढा, आजच. फिकट हिरवी पूड आणि ठिपके वाढतायत म्हणजे ब्राँझ डिसीजची शक्यता दाट आहे. भिंगाखाली धरून लाकडी काडीच्या टोकाने ठिपक्याला अलगद स्पर्श करा. चांगला जुना हिरवा थर कडक आणि गुळगुळीत असतो, काडीला काही लागत नाही. हा रोग असेल तर पीठ सुटतं, आणि पीठ बाजूला झालं की खाली टाचणीच्या टोकाएवढा खड्डा दिसतो, कधी त्याच्या तळाशी फिकट मेणासारखा करडा थर असतो, तो क्युप्रस क्लोराइड. त्याला हवेतली ओल आणि ऑक्सिजन मिळाला की हिरवी पूड तयार होते आणि जोडीला हायड्रोक्लोरिक आम्ल, ते आम्ल शेजारचं तांबं खातं, त्यातून परत क्लोराइड, असं चक्र चालू राहतं. म्हणून ते आपोआप थांबत नाही. घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेल घालून कोरडं ठेवा, आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राहिली तर जवळजवळ थबकतं. पुढचा उपचार म्हणजे भिंगाखाली ते पीठ टिपून काढायचं आणि बेंझोट्रायझोल हे गंज रोखणारं रसायन लावायचं, हे १९६७ पासून जतनाच्या कामात वापरतात, पण ते घातक आहे, हातमोजे आणि हवेशीर जागा लागते, घरी करू नका. लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट यातलं काहीही नको, ते रोगाबरोबर नाणंही नेतात, आणि तांब्याचा मूळचा लालसर रंग एकदा गेला की गेला, त्यावर जो नवा गुलाबी येतो तो ओळखू येतो.

आता नीतीचं. इथे सगळे हात लावला की लबाडी या बाजूने बोलतात, पण हात न लावणं हीसुद्धा लबाडी होऊ शकते. रोग लागलेल्या तांब्याच्या नाण्यावर तेल किंवा मेण चोळून ठिपके दबवतात आणि जुनं, अस्पर्शित म्हणून विकतात. घेणाऱ्याच्या कपाटात ते वर्षभरात परत फुलतं. ते नाणं अस्पर्शित आहे असं म्हणणाऱ्याने खरं लपवलंय आणि वर नाणंही मारलंय. याची मला खूप चीड येते.

देवघेव, तुमच्या मुद्द्याचा मी आदर करते पण विचारलं तरच सांगायचं हे मला पटत नाही. आम्ही एका गोष्टीवर अडून बसतो, नोंद. धातूवरून जे काढलं ते परत लावता येत नाही, म्हणून काढायच्या आधीचा फोटो, काय वापरलं, किती वेळ, कोणत्या तारखेला, एवढं कागदावर राहायलाच हवं. कारण आज आपल्याला जी घाण वाटते त्यात काय होतं ते नंतर कोणालातरी हवं असतं. गंजाच्या थरात कापडाची वीण उमटून राहते, नाणी पिशवीत होती की मडक्यात ते त्यावरून कळतं. २०१० साली इंग्लंडमध्ये फ्रोमजवळ एका मडक्यात ५२,५०३ रोमन नाणी सापडली, ज्याला सापडली त्याने ती उपसली नाहीत, जाणकारांना बोलावलं, त्यांनी मडकं थराथराने रिकामं केलं. सगळ्यात अलीकडच्या नाण्यांचा मोठा गट तळाकडच्या अर्ध्या भागात निघाला, त्यावरून दिसलं की मडकं वर्षानुवर्षं भरत गेलेलं नसून एकदमच भरलं असावं. सगळी एका बादलीत ओतून धुतली असती तर नाणी चकाचक मिळाली असती आणि ही गोष्ट कायमची गेली असती. तुमच्या अल्बमात इतकं काही नसेल, पण मामांनी कुठल्या पाकिटावर काय लिहिलंय ते फेकू नका, कुठून घेतलं, कधी घेतलं, त्याचाही फोटो काढा.

मातीतली_मुद्रा

प्राचीन नाणी गोळा करणाऱ्यांच्या बाजूने थोडं. आमच्याकडे साफ केलंय का हा प्रश्नच येत नाही, कारण मातीतून निघालेलं जवळजवळ प्रत्येक नाणं साफ केलेलंच असतं, नाहीतर तो मातीचा गोळा. कसं केलं हे महत्त्वाचं. कोणीतरी इलेक्ट्रोलिसिस लावून सगळा थर एका झटक्यात उडवला की खाली खडबडीत, भोकंभोकं पडलेलं तांबं उरतं, आणि कोणीतरी तासन्‌तास भिंगाखाली बसून माती काढली की राजाचा चेहरा हिरव्या गुळगुळीत थरासकट वर येतो. दोन्ही साफच केलेली.

आमच्याकडची खरी लबाडी वेगळी आहे, टूलिंग. झिजलेल्या मोठ्या रोमन ब्राँझ नाण्यावर छिन्नीने केस परत कोरायचे, डोळ्याची कड काढायची, अक्षरं उठवायची, मोकळी जागा घासून सपाट करायची आणि वरून कृत्रिम हिरवा थर द्यायचा. भिंगाखाली अक्षरांच्या मुळाशी बघा, ठशाने उमटलेल्या अक्षराची बाजू मऊ उतरते, कोरलेल्याच्या शेजारी हत्याराची चरी असते. हे शतकानुशतकं चालत आलंय. आणि जुनं दिसवण्याची हौस तर विचारू नका, कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२ ते १८३०) हा नामांकित बनावटकार, तो आपली नवी कोरी नकली नाणी लोखंडाच्या कीसात घालून पेटी घोडागाडीला बांधायचा आणि फिरवून आणायचा, म्हणजे झिजल्यासारखी दिसावीत. आजही कृत्रिम रंग चढवून चांदीच्या नाण्यावर इंद्रधनुष्य काढणारे त्याच जातीचे.

देवघेवना एक उदाहरण देतो, सांगितलं की भाव पडतो असं नेहमीच होत नाही. एसएस सेंट्रल अमेरिका हे जहाज १८५७ साली सोन्यासकट बुडालं, १९८८ मध्ये सोनं सापडलं. नाण्यांवर लोखंडाच्या गंजाची पुटं होती, ती पृष्ठभागाला धक्का न लावता काढली, आणि हे केलंय हे जगजाहीर आहे. त्या जहाजातून आलं आणि असं सोडवलं, हेच लोक अभिमानाने सांगतात आणि त्यासाठी जास्त मोजतात. हां, ते सोनं होतं, सोनं गंजत नाही त्यामुळे खाली नाणं शाबूत होतं, तांब्याचं एवढं नशीब नसतं.

रुपेरी_काठ

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी लिहिल असं वाटलं नव्हतं. तांब्याचं नाणं कोरड्या डबीत गेलं, काडीला पीठ सुटलं म्हणजे ताई म्हणाल्या तेच आहे. विकणार नाही, जतन करणाऱ्याकडे दाखवेन.

चांदीची अ‍ॅसिटोनमधून काढेन, आधीनंतरचे फोटो ठेवेन आणि विकताना न विचारता सांगेन. भिंगातून दादा गरज नाही म्हणतात पण सांगून माझं काय जाणारे. एक शंका उरतेच. मी चिठ्ठी लिहिली, घेणाऱ्याने ती पुढच्या विक्रीत काढून टाकली, मग माझ्या सांगण्याचा उपयोग काय? आणि काळं नाणं मी न बुडवता विकलं तर घेणारा घरी नेऊन स्वतःच बुडवेल, हे मला जवळजवळ नक्की दिसतंय. मग मी सोवळं पाळून काय साधलं?

देवघेव

दुसरा प्रश्न अगदी खरा आहे, काळी नाणी घेणाऱ्यांपैकी निम्मेअधिक जण बुडवायलाच घेतात. मी तुमच्या जागी असतो तर घेणारा निवडला असता. थेट संग्राहकाला द्या, ज्याला काळ्या थराखालची झळाळी बघता येते असा, भाव थोडा कमी मिळेल आणि वेळ लागेल. आणि किटण_निरीक्षक ताई, विचारलं तरच सांगायचं यावर मी थोडा विचार केला. अ‍ॅसिटोनसाठी माझं मत तेच आहे. पण आपल्याला खात्रीने माहीत असलेलं डिप, स्वतः केलेलं किंवा समोर झालेलं, ते न विचारता सांगायला हवं हे मान्य. इतरांनी आधी काय केलं त्याची जबाबदारी मात्र मी घेणार नाही.

किटण_निरीक्षक

एवढं मान्य केलंत तरी खूप झालं. चिठ्ठी हरवते हे बरोबर, म्हणून पावतीवर लिहा, पावती सहसा जपली जाते कारण पैशाचा पुरावा असतो. मजकूर साधा ठेवा, "मऊ प्लास्टिकच्या अल्बममधून आलेलं, पीव्हीसीचा थर शुद्ध अ‍ॅसिटोनने काढला, घासलं नाही, अमुक जागी मंद डाग आहे", आणि तारीख. साफ केलंय एवढाच शब्द टाकलात तर लोक सगळ्यात वाईट ते समजतात, नेमकं लिहिलं की जाणकार माणूस उलट खुश होतो. मोठे फोटो ईमेलने द्या, नाण्याच्या कडेचेही. पुढच्याने लपवलं तर तो त्याचा भाग, पण तुमच्याकडची प्रत राहील आणि कधी वाद झालाच तर त्या कडेवरच्या खुणांवरून नाणं ओळखता येतं.

भिंगातून

काळं नाणं विकायची घाई नसेल तर ठेवा ना. मायलरमध्ये घालून, गंधक सुटणाऱ्या गोष्टींपासून लांब, रबरबँड आणि साधा पुठ्ठा जवळ नको. आत्ता कडा कशी आहे, कडेच्या आतल्या बाजूला अजून निळा जांभळा दिसतो का? एका दिव्याखाली तिरका धरून फोटो टाका, फ्लॅश नको. कडेला रंग शिल्लक असेल तर थर मी समजलो तितका जाड नाही, आणि ते नाणं आहे तसंच आवडणारा माणूस नक्की मिळेल.

रुपेरी_काठ

आत्ताच बघितलं, एका बाजूला अक्षरांच्या आत गडद निळा आहे आणि कडेला थोडा जांभळा, मागची बाजू मात्र पूर्ण काळी. उजेडात फोटो काढून उद्या टाकते. मामांना फोन करून विचारलं तर म्हणाले ते नाणं कागदी पाकिटात होतं, अल्बममध्ये कधीच नव्हतं, पाकीट अजून आहे आणि त्यावर त्यांनी कोणाकडून घेतलं ते लिहिलंय.

भिंगातून

मग पाकिटाचाही फोटो टाका, दोन्ही बाजूंनी. नाणं त्या पाकिटात परत नको, जुन्या कागदात बऱ्याचदा गंधक असतं, काळं पडायचं कारण बहुधा तेच. पाकीट वेगळं ठेवा आणि नाण्याबरोबरच द्या.